बंद डब्यातलं गाळणं

अप्पांनी नेलपॉलिशची बाटली मागितली तेव्हा मला वाटलं, चष्म्याच्या काडीचा स्क्रू पुन्हा ढिला झाला असेल. पण ते बाटली घेऊन थेट पार्किंगमध्ये गेले. त्यांचं वय ब्याऐंशी, त्यामुळे गाडीखाली आडवं व्हायला मला लावलं. मी जुन्या चादरीवर पाठ टेकली, मोबाइलची बॅटरी दातात धरली आणि त्यांच्या सूचनांबरहुकूम हात वाकडा करून ऑइल फिल्टरच्या पत्र्यावर एक लाल ठिपका दिला. "आता ने सर्व्हिसिंगला," म्हणाले.

संध्याकाळी गाडी परत आली ती धुतलेली, पुसलेली, आत लिंबाचा वास मारलेली. बिलावर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, नटाचा वायसर आणि मजुरी, सगळं ओळीनं छापलेलं. मी पुन्हा चादर अंथरली. ठिपका जागच्या जागी होता, आणि धुतल्यामुळे जरा जास्तच चमकत होता.

फोन केला तर पलीकडचा मुलगा अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये तर बदललाय असं दाखवतंय." गाडीखाली काय दाखवतंय ते मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो बदलून दिला, माफी मागितली, गाडी आणखी एकदा धुऊन दिली. जुना फिल्टर मी पिशवीत घालून मागून घेतला. अप्पांना जिंकल्याचा आनंद झाला होता, मला मात्र नवीनच किडा लागला. ठिपक्याचा निघाला हे ठीक, पण त्या जागी आता जो बसलाय तो काय आहे, कुणाचा आहे, आत काय आहे?

अप्पा एस.टी.त होते. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बत्तीस वर्षं. निवृत्त झाल्यावर पिंपळे गुरवला घर घेतलं, म्हणजे कार्यशाळेपासून फार लांब जायला नको. त्यांच्या मते माणसं दोन प्रकारची असतात: बिल वाचणारी आणि गाडीखाली बघणारी. मी आयुष्यभर बँकेत काढलेलं, त्यामुळे मी कुठल्या प्रकारात मोडते हे घरात कुणी बोलून दाखवत नाही.

तर पुढच्या खेपेला फिल्टर आपणच आणायचा असं ठरवून मी नाना पेठेत गेले. पुण्यात गाडीचा सुटा भाग हवा असेल तर पाय आपोआप तिकडेच वळतात. एका गल्लीत सगळे क्लचवाले, दुसऱ्या गल्लीत काचा आणि दिवे, आणि दुकानांचे काउंटर इतके अरुंद की मागच्या माणसाची कोपरं आपल्या पाठीत. काउंटरवरच्या माणसानं कॅटलॉग उघडला नाही. "कुठली गाडी, साल काय, पेट्रोल का डिझेल?" एवढंच विचारलं.

"वॅगन-आर. २०१३. पेट्रोल."

त्यानं चार खोकी मांडली. एक मारुतीचं स्वतःचं, चकचकीत होलोग्रामवालं. दोन नावाजलेल्या फिल्टर कंपन्यांची. चौथ्यावर इंग्रजीत बरंच काही लिहिलं होतं, पण बनवणाऱ्याचा धड पत्ता नव्हता. पहिल्या तिघांच्या किमती शंभराच्या आत-बाहेर, चौथा त्यांच्या निम्म्यात. मी विचारलं, फरक काय? तो म्हणाला, "ताई, बाहेरून काहीच नाही."

हे वाक्य मला फार आवडलं. भाजी घेताना आपण देठ मोडून बघतो, आंब्याचा वास घेतो, साडीचा पोत बोटांत चुरतो. पण हा पत्र्याचा डबा दोन्हीकडून बंद करून आपल्या हातात येतो आणि इंजिनाखाली जाऊन बसतो. दहा हजार किलोमीटरनंतर तसाच बंद बाहेर येतो आणि भंगारात जातो. त्यानं काम केलं की नाही हे विकणारा पाहत नाही, बसवणारा पाहत नाही आणि पैसे देणाराही पाहत नाही.

माझ्या शेजारी एक गृहस्थ वाद घालत होते. त्यांची ग्लान्झा, आणि त्यांना टोयोटाचाच फिल्टर हवा होता. दुकानदार शांतपणे समजावत होता की पाटी टोयोटाची असली तरी इंजिन सुझुकीचं आहे, बलेनोतलंच, आणि फिल्टर इंजिनाला बसतो, पाटीला नाही. ते गृहस्थ दुखावले. टोयोटाचे पैसे मोजून मारुतीचा डबा घ्यायचा हे मन मानत नसावं. पण दुकानदार शंभर टक्के बरोबर होता. फियाटच्या रचनेचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन घ्या. स्विफ्टमध्ये तेच, इंडिका व्हिस्टात तेच, पुंटोत तेच. त्याला तर पत्र्याचा डबाच नाही. नुसता कागदी गाभा असतो, इंजिनावरच्या टोपीखाली बसवायचा. डिझेल स्विफ्ट आणि पेट्रोल स्विफ्ट एकाच रंगाच्या शेजारी शेजारी उभ्या असल्या तरी त्यांची गाळणी वेगवेगळ्या घराण्यातली.

आट्यांचीही गंमत आहे, आणि ती जरा धोक्याची आहे. सुझुकीच्या पेट्रोल इंजिनांच्या फिल्टरचे आटे वीस मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे, म्हणजे एका आट्यापासून दुसरा दीड मिलिमीटरवर. टोयोटाच्या कित्येक इंजिनांचे पाऊण इंची, इंचाला सोळा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, म्हणजे फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. वीसचा फिल्टर पाऊण इंचाच्या खुंटावर चढतो, फिरतो, रबर टेकलं की घट्ट झाल्यासारखाही वाटतो. मग इंजिन तापतं, ऑइलचा दाब वाढतो आणि तो ढिल्या आट्यांवरून कधी निसटेल याचा नेम नसतो. "बसतोय की!" या शब्दांवर विसंबू नये असं अप्पा म्हणतात ते यासाठी. बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं.

मी मारुतीचा घेतला, आणि तो चौथाही घेतला. दुकानदारानं भुवई वर केली. "कापायला हवाय," मी म्हटलं. त्यानं दोन्हींचं बिल केलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. नाना पेठेत याहून विचित्र गिऱ्हाइकं येत असणार.

घरी येऊन मी हॅकसॉ शोधू लागले तर अप्पा ओरडले. "करवत लावलीस तर तिचा भुगा आत पडेल, आणि मग तूच विचारशील की इंजिनाचं लोखंड झिजलंय का." त्यांनी माळ्यावरून पत्र्याची कात्री काढायला लावली. बुडाच्या दुमडीशी छिन्नीनं चीर पाडली आणि कात्रीनं गोल फिरत झाकण उघडलं. आधी लाल ठिपक्याचा, मग तो निम्म्या किमतीचा कोरा. गॅलरीत 'सकाळ'चे चार जुने अंक पसरलेले, आणि आई दारात उभी राहून दर दोन मिनिटांनी विचारतेय की हे काळं फरशीला लागणार नाही ना.

आत आहे काय? तर मधोमध जाळीदार नळी, तिच्याभोवती घड्या घातलेला कागद, दोन्ही टोकांना चकत्या, एक रबरी पाकळी, एक स्प्रिंग आणि एक छोटी झडप. पंपानं ढकललेलं ऑइल डब्याच्या तोंडावरच्या कडेच्या छोट्या भोकांतून आत शिरतं, कागदातून बाहेरून आत गाळलं जातं आणि मधल्या मोठ्या भोकातून इंजिनात जातं. इतकंच. पण त्या घड्या मोजल्या तेव्हा मारुतीच्या जुन्या फिल्टरमध्ये जितक्या होत्या त्याच्या दोन तृतीयांशही त्या चौथ्यात निघाल्या नाहीत. पत्रा मात्र त्याचाच जास्त जाड होता! हातात घेतल्यावर जड लागावा म्हणून केलेलं असावं, असा अप्पांचा कयास. शिवाय कागद जिथं चकतीला चिकटवायचा तिथं एका बाजूला डिंक पोचलाच नव्हता. नख घातलं तर कागद सुटून आला. म्हणजे गाळणीला कडेनं भोक, आणि चहा त्या भोकातूनच जाणार. पाणी काय, तेल काय, सोपी वाट सोडत नाही.

खोक्यांवर मायक्रॉनचे आकडे मिरवतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, आणि चालत्या इंजिनात बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो अवघ्या काही मायक्रॉनचा. तेव्हा वीस मायक्रॉन वाचलं की बरं वाटतं. पण वीस मायक्रॉनचे किती कण अडतात? शंभरातले पन्नास की नव्व्याण्णव? दोन्ही फिल्टर खोक्यावर 'वीस मायक्रॉन' लिहू शकतात. यासाठी आयएसओ ४५४८-१२ नावाची चाचणी आहे. तिच्यात ठरावीक धूळ मिसळलेलं ऑइल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवून किती कण सुटले ते मोजतात. खोक्यावर टक्केवारीसह आकडा असेल तर तो वाचावा. नुसता मायक्रॉन म्हणजे परीक्षा कितीची होती ते न सांगता सांगितलेले मार्क.

आणि एक गैरसमज मी स्वतः वीस वर्षं बाळगला. ऑइल काळं झालं म्हणजे फिल्टर निकामी झाला, असा. अप्पा हसले. ऑइल काळं होतं ते काजळीनं, आणि काजळीचा कण एका मायक्रॉनहूनही बारीक. तो कुठल्याच साध्या कागदात अडकत नाही, अडकायचाही नसतो. ऑइलमधली रसायनं त्याला तरंगत ठेवतात आणि ऑइल बदलताना तो बाहेर जातो. काळं होणारं ऑइल आपलं काम करत असतं. त्यांनी ठिपक्याच्या फिल्टरमधला थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळला, डोळे मिटले आणि "खरखर नाही" म्हणाले. हीच त्यांची आयएसओ चाचणी.

ती रबरी पाकळी मला सगळ्यांत आवडली. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल ओघळून परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, जाऊ नये म्हणून ती बाहेरची भोकं आतून झाकून बसते. फिल्टर तोंड वर करून उभा असेल तर तिला फारसं काम नाही. पण छोट्या गाड्यांच्या चिंचोळ्या बॉनेटखाली तो बऱ्याचदा आडवा किंवा तिरका कोंबलेला असतो, आणि मग रात्रभर ऑइल धरून ठेवायची जबाबदारी त्या पातळ पाकळीवर. ती साध्या रबराची असेल तर उष्णतेनं कडक होते, सिलिकॉनची असेल तर मऊ राहते. कडक झाली की सकाळी पहिला सेल मारल्यावर ऑइलचा दिवा जरा रेंगाळतो आणि दोन-तीन सेकंद कोरडी खडखड ऐकू येते. माझ्या गाडीची ती खडखड मी थंडीच्या नावावर खपवत होते. चौथ्या फिल्टरची पाकळी कोरी असूनही वाकवली तर वाकलेलीच राहत होती.

मग स्प्रिंग आणि झडप. अप्पांनी ती बोटानं दाबून दाखवली. कागद घाणीनं तुंबला, किंवा थंडीत ऑइल घट्ट होऊन कागदातून जाईना, की दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढतो. बऱ्याच गाड्यांत तो एका बारच्या आसपास गेला की ही झडप उघडते आणि ऑइल न गाळताच इंजिनात सोडते. मला धक्का बसला. गाळणीतच पळवाट? तीही कंपनीनं ठेवलेली?

"मग काय करणार? घाण ऑइलवर इंजिन चालतं. झिजतं, पण चालतं. ऑइलच नसेल तर मिनिटांत जाम." थोडं थांबून ते म्हणाले, "माझी पण उघडली होती एकदा."

त्यांच्या डाव्या नडगीवर एक व्रण आहे, जुना, चकचकीत. लहानपणी आम्ही विचारलं की नारू म्हणायचे आणि विषय संपवायचे. त्या दिवशी, हातात ऑइलनं माखलेला फिल्टर धरून, त्यांनी तो नीट सांगितला. गाव माण तालुक्यातलं, पाऊस नावापुरता. पिण्याचं पाणी पायऱ्यांच्या बारवेचं. त्यात माणसं उतरून घागरी भरायची, ज्यांच्या पायाला नारूची जखम असे ती माणसंसुद्धा. जखमेतून पाण्यात पडलेल्या अळ्या तिथला एक सूक्ष्म जलजीव गिळतो आणि तो पाण्यावाटे आपल्या पोटात जातो. वर्षभरानं वीतभर, हातभर लांबीचा दोऱ्यासारखा जंत पायातून बाहेर येतो. आजी हंड्याच्या तोंडाला धोतराचं दुपदरी फडकं बांधल्याशिवाय पाणी भरत नसे. तो जीव डोळ्याला जेमतेम दिसण्याइतका तरी मोठा असतो, त्यामुळे फडक्यात अडकतो. घरात सगळे गाळलेलं पाणी प्यायचे. "पण मेंढरांमागं उन्हात गेलो होतो. जीभ टाळूला चिकटली होती. आजीचं फडकं घरी. ओंजळीनं प्यालो." पुढच्या उन्हाळ्यात नारू निघाला. रोज बोटभर काडीला गुंडाळायचा, तुटू द्यायचा नाही. तीन आठवडे लागले.

भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. त्यामागे मोठी मोहीम होती: पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, हातपंप बसवणं, आणि घरोघरी हेच, फडक्यानं पाणी गाळणं. अप्पांना तारखा ठाऊक नव्हत्या. "पण तेव्हा प्यालो नसतो तर मेंढरांमागंच पडलो असतो," म्हणाले. "नारू परवडला." आणि झडप पुन्हा एकदा दाबली. ती टचकन बसली. चौथ्या फिल्टरची दाबली तर ती निम्म्या जोरातच उघडली. म्हणजे तो डबा एरवीही बरंचसं ऑइल न गाळताच सोडत राहिला असता, आणि बाहेरून सगळं आलबेल.

गाड्यांना असं गाळणं नेहमी नव्हतं. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंडनं जो फिल्टर काढला त्याचं नाव प्युरोलेटर, म्हणजे 'प्युअर ऑइल लेटर' हे शब्द जोडून केलेलं. त्याआधी तारेची जाळी, आणि ऑइल लवकर लवकर बदलायचं, एवढाच उपाय. फोक्सवॅगनच्या बीटलनं तर पुढेही कित्येक दशकं जाळीवरच भागवलं. अप्पांना यात काही नवल वाटलं नाही. "तुझ्या काकाच्या स्प्लेंडरला कुठाय कागद?" खरंच नाही. तिच्या इंजिनात गरगर फिरणारी एक वाटी असते, ऑइलमधला जड मळ बाहेर फेकला जाऊन तिच्या भिंतीला चिकटतो, जोडीला एक जाळी. पोरं लाखभर किलोमीटर चालवतात. आणि आमच्या चेतकला गाळायचा प्रश्नच नव्हता. पंपावर दोन लिटर पेट्रोलमध्ये चाळीस मिली ऑइल मिसळून घ्यायचं, ते जळून धुराबरोबर जायचं, गाडीबरोबर आपल्या कपड्यांनाही वास.

तेव्हा माझं मत विचाराल तर छोट्या पेट्रोल गाडीला काचतंतूंचा महागडा, वीस हजार किलोमीटरच्या गप्पा मारणारा फिल्टर लागत नाही. साधा कागदी पुरतो, खरा असला तर. उंच फिल्टर घातला तर जास्त घाण मावेल अशी एक आयडिया तरुण मंडळींत असते. पण तो खाली जास्त लोंबणार, आणि आपल्याकडच्या गतिरोधकांचे आकार पाहता मी त्या भानगडीत पडणार नाही. नावाजलेल्या दोन कंपन्यांत कोण सरस यावर रक्त आटवण्यातही अर्थ नाही. भीती आहे ती चौथ्या खोक्याची, आणि पहिल्याच्या नकलेची. म्हणून दुकान ओळखीचं, बिल पक्कं, आणि जुनं खोकं फाडून टाकायचं. रिकामी चांगली खोकी पुन्हा भरली जातात हे अप्पांनी सांगितलं तेव्हापासून मी ती कात्रीनं कापते.

बदलायचा कधी यावर मात्र आमच्यात समेट नाही. मारुतीच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. अप्पा पाच हजारांवर अडून. पुस्तिकेतच मागे खडतर वापराचा वेगळा तक्ता आहे आणि दापोडी ते शिवाजीनगरची रोजची रांगणारी वाहतूक खडतर नाही तर काय, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. सध्या साडेसात हजारांवर तह आहे.

बसवायचं काम आता मीच करते. पहिल्यांदा केलं तेव्हा जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं होतं, मी न बघता त्यावर नवा चढवला. दोन रबरं एकावर एक. गाडी सुरू केली आणि अर्ध्या मिनिटात पार्किंगमध्ये काळं तळं. सोसायटीचे सेक्रेटरी रांगोळी बघायला यावं तसे आले. भुसा टाकून, साबण लावून ते तळं पुसायला जितका वेळ लागला तितक्यात चार फिल्टर बसले असते. तेव्हापासून आधी बोट फिरवून बघते, जागा फडक्यानं पुसते, नव्या रबराला बोटभर ऑइल लावते. रबर टेकेपर्यंत हातानं, मग पुढे पाऊण फेरा, तोही हातानंच. पाना लावून आवळला तर पुढच्या वेळी सोडवताना रडायची पाळी.

जळकं ऑइल मी कॅनमध्ये भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये देते, तिथं पिंपात जमा करून ते गोळा करणाऱ्याला देतात. पूर्वी गल्लीतला सेंट्रिंगवाला मागायला यायचा, स्लॅबच्या प्लेटांना फासायला. अप्पा त्याला आनंदानं द्यायचे. आता मी देऊ देत नाही, आणि त्यावरूनही वाद आहेच.

गेल्या रविवारी नवा फिल्टर बसला, तीन लिटरच्या आसपास ऑइल गेलं, मी सेल मारला. अप्पा बाहेर उभे राहून मोठ्यानं आकडे मोजत होते. तीनला दिवा विझला. कोरा डबा भरायला तेवढं लागतंच. मी खाली वाकून पाहिलं, कोरडं होतं. हात पुसत उठले तर ते नेलपॉलिशची बाटली घेऊन उभे.

"आता कशाला, अप्पा? आपणच तर बसवला."

"तुझ्यावर तरी काय भरवसा," म्हणाले, आणि चादर पुन्हा अंथरायला लागले.